उगवतीकडचं पील

मे महिन्यात निंबोल्यात बायांना काम मिळणं कठीणच असतं. कापूस केव्हाच उपटून झालेला, विहिरी तळाला गेलेल्या, आणि ज्याच्या बोअरला पाणी आहे त्याच्याच केळीत काय ते चार हात लागायचे. त्यामुळे कडू मुकादमाच्या पिकअपमध्ये जागा असणं ही त्या दिवसांत मोठीच गोष्ट होती. गाडीत मावतील तेवढ्याच बाया कडू घेई. एखादी जास्तीची चढली तर नाव न विचारता तिला खाली उतरवी.

बुधवारी सकाळी रुख्मिणी पाण्याच्या टाकीपाशी पोचली तेव्हा गाडी भरत आली होती.

"आली हालेलुया," मागच्या फळीवरून मथुराबाई म्हणाली. "सरका व, देवाचं माणूस येऊन राह्यलं."

बाया हसल्या. रुख्मिणीही हसल्यासारखं करून फळीच्या टोकाला टेकली. बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी हा शब्द तिला काट्यासारखा टोचायचा. आता ते तिचं नावच होऊन बसलं होतं. कडू हजेरीलाही तेच म्हणे.

"चांगली साडी कायले नेसली आज?" मथुराबाईनं तिच्या पदराला हात लावून पाहिला.

"संध्याकाळी प्रार्थना हाये मावशी. शेतातून तशीच जाईन."

"केळीत चांगली साडी! चीक लागला तर तुझा येशू धुऊन देते का?"

"वरून झाकून घेते ना."

मथुराबाई रुख्मिणीच्या नवऱ्याची, यशवंतची, दूरची मावशी. विधवा, मूलबाळ नाही, हातपंपाच्या पलीकडे एका खोलीत राहायची. पूर्वी दिवाळीचा फराळ ती यशवंतकडेच करी. हे दोघं प्रभूत आले तेव्हापासून तिनं त्यांच्या घरचं पाणी सोडलं होतं. पण गाडीत बसताना रुख्मिणीच्या शेजारीच बसायची आणि वाटभर टोचून बोलायची. टोचायला तरी माणूस जवळचं लागतं.

देवरामची केळी रस्त्यापासून विहिरीपर्यंत सरळ उत्तरेला गेलेली. घड निसवायला, म्हणजे खोडातून बाहेर पडायला लागले होते. अशा वेळी प्रत्येक खोडाच्या बुडाशी पिलं फुटतात, आईच्या वाट्याचं अन्न खातात. ती विळ्यानं जमिनीबरोबर कापायची आणि एकच राखायचं, म्हणजे घड उतरल्यावर आई तोडली की त्या पिलाचा खोडवा, पुढचं पीक, वाढतो. कोणतं राखायचं याचा देवरामचा नियम साधा होता. उगवतीकडचं. सगळ्या शेतात एकाच बाजूचं पील ठेवलं की पुढच्या साली ओळ सरळ राहते आणि ठिबकची नळी हलवावी लागत नाही. पिलं अजून वीतभरच होती, सगळी सारखी दिसत. म्हणून बाजू सांभाळायची. रस्त्याकडून विहिरीकडे जाताना उगवत उजव्या हाताला. उजवीकडचं सोडायचं, डावीकडचं कापायचं.

रुख्मिणीनं साडीवर यशवंतचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवला, कमरेला खताच्या गोणीचं फडकं बांधलं आणि ओळ धरली. शेजारच्या ओळीत मथुराबाई.

केळीच्या आत वारा नसतो. खालून ओल, वरून ऊन, मधे पानांखाली कोंडलेली वाफ. वाकून वाकून कंबर धरते, घाम भुवईवरून डोळ्यांत उतरतो, आणि कापल्या पिलातून चीक उडतो. तो लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो. हातालाही जाणवत नाही.

काम करताना रुख्मिणी मनात एकच वाक्य म्हणायची. 'प्रभू, माझं मन तुझ्यापाशी राहू दे.' वाकताना 'प्रभू', विळा चालवताना 'माझं मन', सरळ होताना बाकीचं. हे तिला पास्टर सागरनं शिकवलं होतं. तिनं एकदा त्याच्याकडे तक्रार केली होती की प्रार्थनेला डोळे मिटले की मन थांबत नाही. कुठं लेकीचं, मोनालीचं लग्न, कुठं यशवंतचं कापडाचं लूम बंद पडेल का, कुठं मथुरामावशीचं बोलणं. सागरनं विचारलं, "ताई, तुमच्या केळीत पिलं फुटतात तर तुम्ही काय करता?" तिनं सांगितलं. तो खूश झाला. पुढच्या रविवारी प्रवचनात त्यानं त्याचाच संदेश दिला. मनातले विचार म्हणजे पिलं. रोज कापायची. एकच राखायचं, प्रभूचं. संगतीतली, रविवारी प्रार्थनेला जमणारी मंडळी माना डोलवत होती आणि रुख्मिणीला आतून ऊब आली होती. आपल्या हातच्या कामातून देव बोलला, असं तिला वाटलं.

तेव्हापासून तिनं नेट धरला होता. पहाटे गुडघ्यावर, गाडीत ओठांत, शेतात विळ्याबरोबर. आणि खरंच, मन थांबू लागलं होतं. कधीकधी अख्खी ओळ संपायची आणि ती कधी संपली हे तिला कळायचं नाही. संगतीतली मोठी माणसं ज्याला विश्वासातली वाढ म्हणतात ती हीच असावी, असं ती समजे.

त्या दिवशीही ती विहिरीच्या टोकाला पोचली तेव्हा तिला वर पाहावं लागलं. सूर्य डोक्यावर आला होता. स्वतःची सावली पायाखाली गेली होती. शेजारच्या ओळीत विळ्याचा आवाज नव्हता.

मथुराबाई निम्म्या ओळीत खोडाला टेकून बसली होती. ओठ पांढरे. पुढ्यात ओकारी, शर्टावरही.

"मावशी!"

"काही नाही व. गरगरलं."

रुख्मिणीनं तिचा घाण झालेला शर्ट काढला, ओल्या पदरानं तोंड पुसलं, मीठ घातलेलं पाणी थोडं थोडं पाजलं. आपली गोणी सोडून खाली अंथरली. मग अंगातला शर्ट काढून मथुराबाईच्या अंगात घातला, कारण तिच्या ब्लाऊजची पाठ फाटलेली होती आणि तिकडून कडू येत होता.

"ओळ राह्यली," मथुराबाई डोळे मिटून म्हणाली. "कडू बोंबलेल."

"मी काढते. पडून राहा."

"तू काढशील? कायले?"

"असंच."

विहिरीच्या टोकाला परत जाऊन रुख्मिणीनं तिथून मथुराबाईची उरलेली ओळ उलटी, रस्त्याकडे काढत आणली. अंगात साडीच होती, पण लवकर संपवायचं होतं. तिला आतून फार बरं वाटत होतं. वैऱ्यासारखं बोलणाऱ्या बाईची ओळ आपण काढतो आहोत, तेही न कुरकुरता. 'प्रभू, माझं मन तुझ्यापाशी राहू दे.' विळा आपोआप चालत होता.

संध्याकाळी ती तशीच प्रार्थनेला गेली. साडी स्वच्छ दिसत होती.

गुरुवारी सकाळी देवराम विहिरीपाशी उभा होता. ठिबकचं पाणी सोडायला आला आणि त्याला दिसलं. त्यानं सगळ्या बायांना तिथं बोलावलं आणि एका खोडाच्या बुडाशी पायानं पाचट सारलं. उगवतीच्या बाजूला कापल्या पिलाची चकती होती, मधोमध काळी पडू लागलेली. मावळतीला एक किरटं पील उभं होतं.

"हे कोणाचं काम?"

बाया चकतीकडे वाकून पाहू लागल्या.

"इथून त्या तिथपर्यंत. अर्धी ओळ. पुन्हा फुटतील म्हणा, पण दीड-दोन महिने मागं. घड एका वेळी नाही येणार. अर्ध्या ओळीसाठी काय मी वेगळा ट्रक बोलावू? कडू, कोणाची ओळ ही?"

"मथुराबाईची," कडू म्हणाला.

मथुराबाईचा चेहरा अजून उतरलेला होता. अंगात यशवंतचाच शर्ट होता, धुऊन घातलेला. ती म्हणाली, "माझी ओळ, पण एवढी मी नाही काढली. मले चक्कर आली व्हती. एवढी हिनं काढली, रुख्मिणीनं."

सगळे रुख्मिणीकडे पाहू लागले. देवरामनं विचारलं, "काढली का तू?"

"काढली भाऊ. मावशीले बरं नव्हतं."

"मग उगवतीचं कापलं?"

"नाही." ती लगेच म्हणाली. तिला शंकाच आली नाही. इतकी वर्षं ती पिलं कापत होती, आणि कालचा दिवस तर असा निर्मळ गेला होता. "उगवतीचं राखलं मी. प्रभूले साक्षी ठेवून सांगते."

"झूठ बोलून राह्यली ही!" मथुराबाई ओरडली. "मी त्या टोकाले गेलीच नाही. माझ्यानं उठवत नव्हतं!"

"सकाळी कापलं असशील तू तिकडून," देवराम म्हणाला.

"कायले जाईन मी तिकडून? कडू, सांग ना रे!"

कडू पाहत होता देवरामच्या तोंडाकडे. मथुराबाई गेलं वर्षभर गाडीत त्याला नकोच होती. हळू काम, वर तोंड.

देवरामनं हात वर केला. "बस. मथुराबाई, या बाईले मी ओळखतो. मागं माझी चांदीची साखळी शेतात पडली तर हिनं घरी आणून दिली. धर्म काहीही असो तिचा, ही बाई झूठ बोलत नाही. हे मी चार माणसांत सांगतो." मग कडूला म्हणाला, "उद्यापासून मथुराबाईले आणू नको."

"ना माझ्या गाडीत, ना दुसऱ्याच्या," कडूनं जोडून दिलं. "बदनामी गाडीची होते."

मथुराबाईनं विळा खाली टाकला. तो देवरामचाच होता. रुख्मिणीसमोरून जाताना ती थांबली.

"मले पाणी पाजलं ते याच्यासाठी का व?"

रुख्मिणीला वाईट वाटलं, पण त्या वाईटात थोडी तक्रारही होती. केलं ते विसरली ही. दिवसभर काम करताना तिनं मथुराबाईसाठी प्रार्थना केली. देवा, तिचं कडवट मन बदल.

त्या संध्याकाळी अंगणात मोनाली कपडे धूत होती. बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात शिकणारी, तोंडानं फटकळ. तिनं बुधवारची साडी पिळून दोरीवर टाकली आणि ओरडली, "आई! क्या किया ये? पूरी बरबाद!"

रुख्मिणी बाहेर आली. चीक उमटला होता. तो असाच. लागतो तेव्हा दिसत नाही, एक रात्र गेली की तपकिरी होतो आणि मग जन्माचा राहतो. कमरेपासून गुडघ्यापर्यंत डागच डाग, शिंतडल्यासारखे.

"शर्ट नव्हता ना घातलेला."

"आणि सगळे एकाच बाजूला. डावीकडंच. दुसरी बाजू बघ, एकदम कोरी. उलटी नेसलीस तर चालून जाईल घरात."

मोनाली पुढच्या कपड्याकडे वळली. रुख्मिणी साडीपुढे उभी राहिली. डावीकडंच. तिनं साडीचा घोळ हातात घेतला, कमरेला लावून पाहिला. मग ती अंगणातच विहिरीकडून रस्त्याकडे चालल्यासारखी दक्षिणेला तोंड करून उभी राहिली. उगवत कुठं? तिनं हात वर केला. डाव्या बाजूला. चीक उडतो तिथं, जिथं विळा चालतो.

तिनं पुन्हा पाहिलं. तोंड फिरवलं, उत्तरेला केलं, दक्षिणेला केलं. मोनाली म्हणाली, "आई, भोवळ आली का?"

जाताना डावीकडचं कापायचं होतं. परत येताना उजवीकडचं. हाताला सांगायला हवं होतं. हात आपला डावीकडंच चालत राहिला, आणि सूर्य डोक्यावर होता, सावली पायाखाली, आणि मन प्रभूपाशी.

यशवंत लूमवरून आला तेव्हा ती चुलीपुढे बसली होती, भाकरी करपत होती. तिनं सांगितलं. यशवंतच्या कानात लूमची घरघर अजून असायची, त्यामुळे तो मोठ्यानं बोलायचा. त्या दिवशी हळू बोलला.

"कोणी पाहिलं?"

"कोणी नाही."

"मग?"

"मावशीचं काम गेलं ना. तुमचीच मावशी."

"मावशी मले रस्त्यात पाहून थुंकते." तो ताटावर बसला. "आणि तू जाऊन काय सांगशील? प्रार्थना करत होती म्हणून शेत कापलं? हसतील नाही, मारतील. जे झालं ते चुकून झालं. चुकीले पाप नाही म्हणत."

"चूक बुधवारची. साक्षी ठेवलं ते गुरुवारचं."

"तेव्हा तुले माहीत नव्हतं."

"आज माहीत हाये."

यशवंत जेवला. ती नाही जेवली. पहाटे ती गुडघ्यावर बसली, डोळे मिटले आणि वाक्य म्हटलं. 'प्रभू, माझं मन' एवढ्यावर थांबलं. पुढं पिलाची चकती दिसायची, मधोमध काळी. तिनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. कोणत्याही कामात, कोणत्याही दुखण्यात असं झालं नव्हतं. नुकतंच कुठं मन थांबायला शिकलं होतं आणि आता ते एकाच जागी थांबलं होतं, पण ती जागा प्रभूची नव्हती. येत्या रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि रस घ्यायचा दिवस. असं मन घेऊन ती भाकर कशी घ्यायची?

शनिवारी संध्याकाळी पास्टर सागर मोटारसायकलवरून आला. बुऱ्हाणपूरला राजघाटाकडे भाड्याच्या घरात राहणारा, तिशीतला, बायको शाळेत शिकवायची त्यावर घर चालायचं. आल्या आल्या म्हणाला, "जय मसीह की, ताई! काय ऐकतो मी! चौकात देवरामभाऊ स्वतः म्हणाले, ख्रिस्ती बाई आहे, झूठ बोलत नाही. चार लोकांपुढं! ताई, दहा संदेशांनी झालं नसतं ते तुमच्या एका शब्दानं झालं. उद्या संगतीपुढं उभं राहून गवाही द्यायची तुम्ही, सगळ्यांना सांगायचं."

रुख्मिणीनं आतून साडी आणून त्याच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. दिशा समजावताना तिनं दोन वाट्या आणि एक पळी मांडली.

सागरनं पळी वाट्यांमधून एकदा उलट दिशेनं फिरवून पाहिली.

"तुम्ही कोणाकोणाला सांगितलं?"

"घरात."

"ताई, मी तुम्हाला खोटं बोला म्हणणार नाही." त्यानं घाम पुसला. "पण बघा. दर रविवारी गावातली ती पोरं मोबाईल घेऊन आपल्या संगतीसमोर उभी राहतात. व्हिडिओ काढतात. मागच्या महिन्यात पोलीस ठाण्यात अर्ज दिला कोणीतरी, आम्ही लोकांना बाटवतो म्हणून. उद्याच्या रविवारी कोणी येणार नाही, का? देवरामभाऊ बोलले म्हणून. त्यांचं वजन आहे गावात. उद्या तुम्ही जाऊन त्यांनाच खोटं पाडलं तर ते कोणाच्या बाजूनं उभे राहतील? आपल्यात म्हातारी माणसं आहेत. लेकरं आहेत."

"मग मावशीचं?"

"तिच्यासाठी आपण प्रार्थना करू. संगतीतून धान्य देऊ. गुपचूप." मग तो नेहमीच्या आवाजात आला, पण तो आवाज त्याला नीट धरता आला नाही. "प्रभूनं तुम्हाला माफ केलंय. आता या गोष्टीकडं बघू नका. सैतान असंच मन विचलित करतो. नजर प्रभूवर ठेवा."

"तीच ठेवली व्हती पास्टर," रुख्मिणी म्हणाली. "तेव्हाच तर कापलं."

तो उठला. पाणी न पिता गेला. वाईट माणूस नव्हता. त्याच्या मानेमागचा शर्ट भिजला होता, हे तिला दिसलं.

रविवारी यशवंतच्याच घरी पत्र्याखाली संगती बसली. पंखा गरम हवा फिरवत होता. बाहेर खरंच कोणी नव्हतं. गाणी झाली, मग सागरनं गवाहीसाठी कोणाचं नाव घेतलं नाही. पण मालतीबाईला चौकातली गोष्ट समजली होती. ती आपणहून उठली आणि म्हणाली, "आमच्या रुख्मिणीताईमुळं प्रभूचं नाव मोठं झालं." सगळ्यांनी 'हालेलुया' म्हटलं. या घरात हा शब्द नेहमी वेगळा वाटायचा. त्या दिवशी तो गाडीतल्यासारखाच ऐकू आला.

चपातीचे तुकडे ताटात आले, आणि लहान लहान स्टीलच्या पेल्यांत द्राक्षाचा रस. ताट यशवंतकडून तिच्याकडे आलं. यशवंतनं तुकडा घेतला होता, हातात धरून तिच्याकडे पाहत होता. मागच्या भिंतीपाशी मोनाली होती. रुख्मिणीनं ताट दोन्ही हातांनी धरलं आणि न घेता पुढं दिलं. मालतीबाई कुजबुजली, "घेतलं नाही? अडचण हाये का?" बाईच्या अडचणीचं कारण चाललं असतं. रुख्मिणीनं मान हलवली, उठली आणि चपला न घालता बाहेर पडली.

हातपंपापलीकडे मथुराबाई दारात बसून मूठभर तुरीची डाळ निवडत होती. अंगात तोच शर्ट.

"काय व हालेलुया, देव सुटला का आज लवकर?"

"मावशी, मी कापलं."

मथुराबाईचा हात डाळीतून फिरत राहिला.

"विहिरीकडून उलटी ओळ काढत येत होती ना मी. बाजू नाही बदलली. मले तेव्हा नाही समजलं, देवाशप्पथ. नंतर साडीवरून समजलं. मी पाया पडते तुमच्या."

ती वाकली. मथुराबाईनं पाय आत ओढून घेतले.

"मले माहीत व्हतं. मी कापलं नाही म्हणजे तूच कापलं. त्याच्यात नवीन काय सांगितलं?" तिनं एक खडा उचलून अंगणात फेकला. "चार दिवस झाले. तुले आज समजलं का?"

"गुरुवारी समजलं."

"शुक्रवारी गाडीत बसली?"

"बसली."

"शनिवारी?"

"बसली."

"वा." मथुराबाई हसली. खालचे दोन दात तेवढे दिसले. "मग आता कायले आली? मोकळं व्हायले ना? इथं सांगितलं, रडली, पाया पडली, घरी गेली, झोप लागली. तुले मोकळं व्हायचं हाये. मले काम पाहिजे. मले लबाड केलं चार माणसांत, आणि खरं सांगते माझ्या एकटीच्या दारात?"

"संगतीतून धान्य—"

"उठ," मथुराबाई म्हणाली. "उठ व माझ्या दारातून."

सोमवारी टाकीपाशी रुख्मिणी सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहिली. आदल्या दिवशी संध्याकाळीच तिनं देवरामला निरोप धाडला होता की सकाळी टाकीवर या, पिलांचं सांगायचं आहे. तो मोटारसायकलवर बसूनच होता, चहाचा कागदी कप हातात. बाया जमल्या. कडूनं गाडी वळवून लावली. थोड्या अंतरावर, हातपंपाच्या कडेला, मथुराबाई येऊन उभी होती. तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

रुख्मिणीनं मोठ्यानं सांगितलं. सांगताना तिनं देवाचं नाव घेतलं नाही. विहिरीकडून आले, बाजू बदलली नाही, उगवतीची पिलं मी कापली, मथुरामावशीनं नाही, आणि गुरुवारी मी सांगितलं ते खोटं ठरलं.

 कोणीतरी बाई फिस्कन हसली.

"ध्यान कुठं व्हतं तुझं?" कडूनं विचारलं.

तिनं खरं तेच सांगितलं. "प्रार्थना करत व्हती."

आता सगळ्याच हसल्या. देवराम हसला नाही. त्याच्या कपातला चहा हिंदकळून बोटांवर आला, तो त्यानं झटकला.

"मी चौकात सांगितलं," तो म्हणाला. "माझ्या भावाशी भांडलो मी त्या दिवशी तुझ्यावरून. म्हटलं, तुम्ही त्या लोकांच्या मागं कायले लागता, झूठ नाही बोलत बाई. आणि तू?"

"भाऊ, तेव्हा मले—"

"पिलांचं जाऊ दे. पिलं पुन्हा येतील." त्यानं कप चुरगाळून टाकला. "कडू, ही नको गाडीत. आणि रुख्मिणी, तुझ्या त्या पास्टरले सांग, माझ्या शब्दावर आता राहू नको म्हणावं." गाडीला किक मारून तो गेला. लोक पिलांचं नुकसान विसरतात. आपण चार माणसांत घेतलेली बाजू चुकली, हे विसरत नाहीत.

"चला, बसा," कडू ओरडला. "एक जागा रिकामी हाये. मथुराबाई! येते का?"

मथुराबाई आली. तिनं कोणाकडे पाहिलं नाही. एका बाईनं हात दिला तो न घेता, फळीला धरून, गुडघा टेकवत वर चढली आणि रुख्मिणीच्या जागेवर, टोकाला बसली. यशवंतचा शर्ट तिला ढगळ होत होता. बाह्या दुमडून तिनं कोपरापर्यंत घेतल्या होत्या.

गाडी सुटली तेव्हा रुख्मिणीच्या हातात विळा तसाच होता. आपलाच, घरून आणलेला. धुरळा खाली बसेपर्यंत ती उभी राहिली. चहाच्या टपरीवर दोन पोरं मोबाईलमधून मान वर काढून तिच्याकडे पाहत होती. त्यातलं एक जण म्हणालं, "क्यों हालेलुया, आज छुट्टी?" दुसऱ्यानं मोबाईल उभा धरला.

येत्या रविवारी ती दोघं पुन्हा घरासमोर असणार. संगती बसेल का, बसली तर तिच्याशी कोण बोलेल, यशवंत आज संध्याकाळी काय म्हणेल, हे सगळं तिला माहीत होतं.

ती घराच्या वाटेला लागली. सवयीनं ओठ हलले. 'प्रभू.' पुढचे शब्द आले नाहीत. तिनं थोडं थांबून पाहिलं. तरी आले नाहीत. चकतीही दिसली नाही. काहीच दिसलं नाही, फक्त रस्ता, त्यावरची शेणाचा पो, हातपंपापाशी सांडलेलं पाणी.

वळणावर ऊन उजव्या गालावरून डाव्या गालावर आलं. तिनं विळा दुसऱ्या हातात घेतला आणि चालत राहिली.